फोडणीआधीची वाटी

कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा मिळते २६ आठवड्यांची. २०१७ मध्ये कायदा बदलला, तोवर ती १२ आठवड्यांचीच होती. बालरोगतज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटना सांगतात की बाळाला पहिले १८० दिवस फक्त अंगावरचं दूध द्यावं, वर पाणीसुद्धा नको, आणि मग वरचं अन्न सुरू करावं. २६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. हिशोब इतका नेमका जुळतो की ज्या आठवड्यात बाळ पहिला घास घेतं, त्याच आठवड्यात त्याची आई डबा भरून लोकल पकडते. रजेतले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले असतील, तर ती त्याहून आधी पकडते. आणि हे सगळं दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणच्या बाईचं झालं. वीटभट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हिशोब या कलमांत कुठेच बसत नाही.

म्हणून बाळाच्या जेवणाचा प्रश्न मला आधी वेळेचा वाटतो, पौष्टिकतेचा नंतर. सकाळी सात वाजता ओट्याशी दोन हात असतात. एका शेगडीवर डब्याची भाजी, दुसरीवर पोळ्यांचा तवा, आजोबांचं कमी तेलाचं वेगळं, आणि त्यात आता बाळाचं. मोबाइलवर सल्ला मिळतो की गाजर वाफवा, मिक्सरमधून गुळगुळीत काढा, बर्फाच्या साच्यात गोठवा, रोज एक ठोकळा वितळवून द्या. आठवड्याचा स्वयंपाक रविवारी करून ठेवणाऱ्या घरांसाठी तो सल्ला सोयीचा असेल. आपल्याकडे दोन्ही वेळा कुकर लागतो. ताजा वरणभात समोर असताना शनिवारचं गाजर वितळवत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

घरात जे शिजतंय, त्यातूनच बाळाचं निघू शकतं का? जवळपास रोज निघू शकतं. फक्त ते कधी बाजूला काढायचं आणि किती घट्ट द्यायचं, एवढं घराला कळायला हवं.

उष्टावणाचा विधी आपल्याकडे पूर्वापार याच सुमाराला होतो. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, अंगठीने किंवा चमच्याने ती जिभेला लावायची, फोटो, आहेर. रूढीप्रमाणे मुलाचं सम महिन्यात, म्हणजे सहाव्या-आठव्यात, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्यात. यातला पाचवा महिना सोडून द्यावा. मुलीला पाचव्यात अन्न आणि मुलाला सहाव्यात, याला शरीरशास्त्राचा काही आधार नाही. सातवा महिना लागला की मुलीचं उष्टावण करावं. मान सावरली आहे, आधाराने बसता येतंय, आपल्या ताटाकडे हात येतोय, चमचा ओठांशी नेला की जीभ तो बाहेर ढकलत नाही, ही तयारीची लक्षणं मुलगा-मुलगी दोघांत सारखीच असतात.

खरी अडचण उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. काय द्यायचं, हे विचारल्यावर दहातल्या आठ घरांतून एकच उत्तर येतं, वरणाचं पाणी. डाळ शिजली की वरची निवळ वाटीत ओतायची आणि चमच्याचमच्याने पाजायची. त्याच्या जोडीला भाताची पेज, तीही वरची. पचायला हलकं, हा त्यामागचा विचार. आया-आज्यांनी मायेनेच हे केलं, पण बालरोगतज्ज्ञांना सर्वांत जास्त वेळा मोडून काढावी लागणारी सवय हीच असावी.

कारण बाळाच्या पोटात जागा किती, तर वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलीलीटर. सात किलोच्या बाळाचं पोट जेमतेम २०० मिलीलीटरचं, म्हणजे एका मोठ्या वाटीएवढं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी अन्नातून हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. एवढीशी जागा निवळीने भरली, तर बाळ तृप्त दिसतं, झोपतंही, पण त्याच्या पोटात गेलेलं असतं मुख्यतः पाणी. डाळीची ताकद वाटीच्या तळाशी राहिली, ती घरातल्या मोठ्यांनी खाल्ली. अन्न चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर ते ओघळू नये, हळूच सरकावं, इतकं घट्ट हवं. ही परीक्षा कुठल्याही घरात होऊ शकते आणि तिला खर्च नाही.

त्या घट्ट वरणभातावर चमचाभर साजूक तूप घातलं, की आणखी ४० ते ४५ कॅलरी मिळतात आणि पोटातली जागा जवळजवळ अडत नाही. तुपाला घाबरण्याचं वय चाळिशीनंतरचं आहे, सहा महिन्यांचं नाही. तूप परवडत नसेल तर शेंगदाण्याचं तेल चालतं. कॅलरीच्या हिशोबात दोन्ही सारखीच.

दुसरी गरज लोहाची. आईच्या पोटातून बाळ लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येते. आईचं दूध बाकी बहुतेक बाबतींत श्रीमंत, पण लोहाचं प्रमाण त्यात लीटरमागे अर्धा मिलीग्रॅमही नसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्रात ६८.९ टक्के. प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या राज्याचा आकडा देशाच्या सरासरीच्याही वर आहे. त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात ११.३ टक्के निघाली. रक्तक्षयाचा एवढा मोठा आकडा निव्वळ गरिबीतून येत नाही. भरल्या घरातली बाळंही त्यात आहेत.

आता कुकरकडे येऊ.

पुण्यात एका घरी संध्याकाळचा स्वयंपाक मी ओट्याशी उभं राहून पाहिला. नवराबायको दोघं नोकरीला, दिवसा आजी, बाळ नऊ महिन्यांचं. कुकर बाबा लावतो, हे त्या घराचं ठरलेलं आहे. खालच्या डब्यात तुरीची डाळ, हळद, हिंग आणि तेलाचा थेंब, मीठ नाही. मधल्या डब्यात मोठ्यांचा भात. वरच्या पसरट डब्यात दोन वाट्या. एकीत मूठभर तांदूळ आणि भरपूर पाणी, म्हणजे बाळाचा गुरगुट्या भात. दुसरीत लाल भोपळ्याच्या फोडी आणि पालकाची चार पानं. शिट्ट्या झाल्या, कुकर पडला, डाळ रवीने घोटली. डावभर घट्ट वरण बाळाच्या वाटीत गेलं. त्यानंतर उरलेल्या वरणाला मोहरी, मिरची, कढीलिंबाची फोडणी बसली, आमसूल, गूळ आणि मीठ पडलं, त्याची आमटी झाली. बाळाच्या वाटीत भात, वरण, भोपळा, पालक हातानेच कुस्करला, वर तूप आणि लिंबाचे चार थेंब. सगळं एकाच वेळी, एकाच गॅसवर. भोपळ्याच्या उरलेल्या फोडींना जिऱ्याची फोडणी देऊन मोठ्यांची भाजी झाली.

लिंबाचे ते थेंब चवीपुरते नसतात. डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. ‘क’ जीवनसत्त्व सोबत असलं की बरंच जास्त शोषलं जातं. चहा नेमका उलटं काम करतो. दीड वर्षाच्या पोराला बशीत चहा ओतून त्यात बटर बुडवून देणारी घरं मी खेड्यात पाहिली, तशी शहरातल्या चाळींतही पाहिली. पोर खूश असतं, भूक मरते आणि पाठोपाठच्या जेवणातलं लोहही वाया जातं. दुधात बिस्कीट कुस्करून देणं हा त्याचाच जरा सुखवस्तू भाऊ.

फोडणीआधी काढून ठेवायचं हे तत्त्व एकदा अंगवळणी पडलं की महाराष्ट्राच्या कुठल्याही स्वयंपाकघरात ते लागू होतं, आणि प्रत्येक मुलखाने त्याची आपापली तजवीज फार पूर्वी करून ठेवलेली दिसते. कोल्हापुरात मटण आधी हळद, आलं-लसूण लावून शिजवतात, तिखटाचा तांबडा रस्सा त्यानंतर. मधल्या टप्प्यावरचं अळणी पाणी पोरांना आणि आजाऱ्याला द्यायचं, ही तिथली जुनी रीत. तिच्यात दोन दुरुस्त्या कराव्यात. नावाने अळणी असलेल्या त्या पाण्यात आजकाल मीठ घातलेलं असतं, ते बाळाचं काढल्यावर घालावं. आणि नुसतं पाणी न देता मऊ शिजलेलं मटण बोटांनी तंतू तंतू करून भातात मिसळावं. लोह मटणात असतं, पाण्यात त्याचा अंश. आठवड्यातून एखाद्या वेळी बोटभर कलेजी मिळाली तर फारच उत्तम, त्याहून जास्त मात्र नको, कारण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व अतोनात असतं.

खानदेशात भरिताचं वांगं भाजून, सोलून, ठेचून तयार होतं, त्यानंतर हिरवी मिरची पडते. त्या दोन क्रियांच्या मध्ये बाळाची वाटी. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, म्हणजे धान्य आणि डाळ एकाच पिठात. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्वारीच्या कण्या ताकात किंवा वरणात कालवल्या की आठ महिन्यांच्या बाळाला अगदी योग्य, आणि घरच्यांनाही रात्रीचं जेवण म्हणून चालतात. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज असतेच; तिचं पाणी न पाजता शितं कुस्करून द्यावीत, त्यात मासळीचा तुकडा. सरंगा, तारली, जे त्या दिवशी आलंय ते. हळद लावून तव्यावर नुसतं वाफवलेलं, काटा दोनदा तपासलेलं. बाकीच्या तुकड्यांना मग मालवणी मसाला लागू दे.

शाकाहारी घरांनी निराश व्हायचं कारण नाही, पण कष्ट जरा जास्त घ्यावे लागतात. रोज एक डाळ किंवा उसळ, रोज एक पिवळी-केशरी किंवा हिरवी भाजी, दही, आणि दाण्याचं किंवा तिळाचं कूट. मटकीची, मुगाची उसळ मोठ्यांसाठी होते तेव्हा मोड आलेली मूठभर कडधान्यं वाटीत वेगळी शिजवून पुरणयंत्रातून काढावीत. साल यंत्रात राहतं, गर खाली. वर्षातून दोनदा पुरणपोळीला बाहेर निघणारं हे यंत्र बाळ असलेल्या घरात ओट्यावरच असावं. मिक्सरपेक्षा ते बरं, कारण ते अन्नाची गुळगुळीत पेस्ट करत नाही.

मिक्सरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सुरुवातीचे काही आठवडे मऊ, एकजीव लागतं हे ठीक. पण घशात अडकेल या भीतीने कित्येक घरांत वर्षाच्या, दीड वर्षाच्या बाळाचाही वरणभात मिक्सरमधून निघतो. मग दोन वर्षांचं मूल पोळीचा तुकडा तोंडात धरून बसतं किंवा ओकारी काढतं, आणि आई म्हणते, हा चावतच नाही. चावायला शिकायचाही काळ असतो. इंग्लंडातल्या एव्हॉन भागात मुलांच्या मोठ्या गटावर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात असं दिसलं की दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळीचं, भरड अन्न मिळालेली मुलं पुढे खाण्यात जास्त कटकट करतात. तेव्हा सातव्या महिन्यात कुस्करलेलं, आठव्या-नवव्यात भरड आणि हातात धरता येईल असं काही, जसं मऊ शिजलेलं रताळं, घावनाची पट्टी, आंबोळीचा तुकडा. दहाव्या-अकराव्यात थालीपिठाचा मऊ भाग दह्यात बुडवून. वर्षाचं झालं की घरचं जेवण, थोडं मऊ आणि तिखट कमी. दात आले नाहीत म्हणून थांबू नये, हिरड्या पुरेशा कणखर असतात.

बाळाने स्वतःच्या हाताने खावं, चमच्याने भरवूच नये, असा एक पंथ २००८ मध्ये गिल रॅप्ली आणि ट्रेसी मर्केट यांच्या पुस्तकानंतर इंग्रजी जगात जोरात पसरला, आता मुंबई-पुण्यातही त्याचे अनुयायी आहेत. हाताने खाऊ द्यावं हे शंभर टक्के मान्य. पण डाळभात खाणाऱ्या संस्कृतीत चमचा वर्ज्य कशाला, हे मला कळलेलं नाही. आपण स्वतः हाताने जेवतो, बाळाचा हात वाटीत गेला तर आपल्या घरात कुणाला धक्का बसत नाही. सतरंजी पुसावी लागते, एवढंच.

शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी शंभर वर्षांपूर्वी याहून धाडसी गोष्ट केली होती. १५ बाळांसमोर ३४ पदार्थ ठेवले जात, त्यांतलं जे आणि जितकं हवं ते बाळाने घ्यायचं, दाईने आग्रह करायचा नाही की सुचवायचं नाही. बाळांच्या निवडी चित्रविचित्र होत्या, पण ती सुदृढ वाढली. या प्रयोगाचा दाखला देऊन ‘मुलाला काय हवं ते खाऊ द्या’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती. साध्या भाज्या, फळं, धान्य, मांस, अंडी, दूध असंच सगळं होतं. काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं होतं, किती खायचं हे बाळांनी.

हा भाग आपल्याला सर्वांत जड जातो. वाटी संपवण्याचा हट्ट, चिऊचा घास काऊचा घास, आणि तेही चालेनासं झालं की मोबाइल. पडद्यावरचं गाणं पाहता पाहता बाळ तोंड उघडतं, घास आत जातो, पोट भरल्याचं त्याला कळत नाही. मान फिरवली, ओठ मिटले, की जेवण झालं. संध्याकाळी पुन्हा भूक लागेल. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एखादा खाऊ, इतकं मिळालं की एका वेळची उरलेली वाटी मनाला लावून घेऊ नये. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू राहायला हरकत नाही.

मीठ आणि साखर या दोन गोष्टींवर आजी आणि डॉक्टर यांची गाठ पडते. पहिल्या वर्षी वरून दोन्ही घालू नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत आहे. मीठ नसलेलं बाळ कसं खाईल, ही आजीची शंका. बाळाला मिठाची चव अजून माहीतच नाही, तर त्याला उणीव कशाची भासणार? तिखट-मीठ वगळलं तरी जिरे, हिंग, हळद, धने, लसूण, आलं, कढीलिंब, चिमूटभर गोडा मसाला हे सगळं बाळाला चालतं. आई जे खाते त्याचा स्वाद दुधात उतरतो. फिलाडेल्फियाच्या ज्यूली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की गरोदरपणात किंवा दूध पाजताना गाजराचा रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव अधिक आनंदाने स्वीकारली. लसणाच्या फोडणीवर जेवणाऱ्या मराठी आईच्या बाळाला लसूण परका नसतो.

गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून तो चालेल, असा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही, गूळही साखरच. गोडीच हवी तर पिकलेलं केळं, चिकू, खारकेची पूड. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही. जन्मल्यावर मधाचं बोट चाटवण्याची चाल, सहाणेवर उगाळलेल्या गुटीत मध घालण्याची चाल, दोन्ही थांबायला हव्यात. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि त्याने बाळ लुळं पडू शकतं. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. गाईम्हशीचं दूधही वर्षाच्या आत पेय म्हणून नको. दही, स्वयंपाकात घातलेलं थोडं दूध चालतं.

डब्यातल्या तयार आहारावर माझा सरसकट राग नाही. प्रवासात, आजारपणात तो हाताशी असणं सोयीचं. पण एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने जगभरचे डबे तपासून अहवाल काढला, तेव्हा भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खुराकात सरासरी जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली, आणि युरोपातल्या काही देशांत तेच उत्पादन बिनसाखरेचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेरेलॅक बनवणाऱ्या नेस्लेने भारतासाठी साखर न घातलेले प्रकार जाहीर केले. डबा घ्यायचाच तर मागची बारीक अक्षरं वाचावीत. १९९२ चा आपला कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला मनाई करतो, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं. जाहिरात दिसली, तर ती कायदा मोडून आलेली असते.

याच कामासाठी आपलं घरचं पीठ होतंच की. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. १०० ग्रॅम नाचणीत ३६० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात १० सुद्धा नाही. मोड आणण्याचा आणखी एक फायदा बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्रा. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात अभ्यासला. मोड येताना धान्यात जे विकर तयार होतं ते पिष्ट फोडतं, त्यामुळे मोडाच्या पिठाची लापशी तेवढ्याच पाण्यात पातळ राहते. म्हणजे एका वाटीत पीठ जास्त मावतं, बाळाला गिळायलाही सोपं. चमचाभर मोडाचं पीठ दुसऱ्या घट्ट लापशीत ढवळलं तरी ती सैल होते. नाचणीचं सत्त्व काढणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं, की गाळताना फेकलेल्या चोथ्याबरोबर काही खनिजंही जातात. मोडाचं अख्खं पीठच वापरावं. हेच पीठ मोठ्यांच्या आंबिलीला, भाकरीला, घावनाला चालतं. वेगळा डबा ठेवायची गरज नाही.

शेंगदाण्याबाबत तर मराठी घर जगाच्या पुढेच होतं म्हणायचं. पाश्चात्त्य डॉक्टर बरीच वर्षं सांगत होते की दाणे बाळापासून लांब ठेवा, ॲलर्जी होईल. लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाने २०१५ मध्ये हे उलटवलं. अकरा महिन्यांच्या आतच नियमित दाणे मिळालेल्या मुलांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आपल्या खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत दाण्याचं कूट असतंच. ते अगदी बारीक करून, थोडं थोडं, वरणात किंवा दह्यात मिसळून सातव्या महिन्यापासून देता येतं. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून. अंडं पूर्ण शिजवून, पहिल्यांदा चमचाभर, दोन-तीन दिवस दुसरं नवं काही न देता.

या सगळ्यात पैशाचा भाग नाही असं म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. आदिवासी भागांत राज्याच्या अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपुढच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. बाळाचा शिधा घरात आला की तो सगळ्यांत वाटला जातो, यावर शासकीय बैठकांत नाराजी व्यक्त होते. उपाशी घरात तो वाटला जाणारच, घराला पुरेल इतका द्यायला हवा, असं माझं मत. बाकी पुण्या-ठाण्याच्या ओट्यावर जे चालतं तेच पालघरच्या चुलीवरही चालतं. शेतावर निघण्याआधी केलेल्या डाळीतून मीठ-मिरची पडायच्या आधी घट्ट डावभर बाजूला काढायला खर्च येत नाही. अडचण असते ती आई दिवसभर बाहेर आणि सांभाळायला सात वर्षांची बहीण, ही. तिथे पाळणाघर हवं. पाककृती सांगून भागत नाही.

फोडणीआधीच्या वाटीचा परिणाम बाकीच्यांच्या जेवणावर होतो, आणि मला तोच भाग सर्वांत आवडला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आपण सहज त्याच्या वर जातो. बाळ घरात आलं आणि भाजी आधी अळणी शिजू लागली, की मीठ ताटात घेण्याची सवय परत येते. आपल्या ताटाची रचना याच सोयीची आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, ज्याला जितकं हवं त्याने तितकं घ्यायचं. तिखट आतून घालण्याऐवजी वरून ठेचा घेतला, तर एकाच पातेल्यातली भाजी वर्षाच्या बाळालाही चालते, रक्तदाबाच्या आजोबांनाही आणि तिखटाशिवाय घास न उतरणाऱ्या काकांनाही. तीन वेगळे स्वयंपाक करणारी बाई त्यातून सुटते, हा फायदा कुठल्याच आहारतक्त्यात लिहिलेला नसतो.

दिवाळीत घरात फराळ असतो. चकलीच्या भाजणीतलं वाटीभर पीठ तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढा, त्याची ताकातली मऊ उकड बाळाला जमेल. करंजीचं सारण, लाडू, शंकरपाळे मात्र पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाला लावू नका. आणि चिवड्याची वाटी उंच ठेवा. अख्खे शेंगदाणे, डाळं, काजू, खोबऱ्याचे काप पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. सणाच्या गर्दीत, हसताखेळताना, धावताना तर फार सहज. मुलाला नेहमी बसवून, समोर राहून भरवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून त्याचा आवाज, श्वास बंद झाला, तर तोंडात बोट घालून चाचपू नका. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब द्या, आळीपाळीने हे चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.